शेतमाल बाजारभाव माहिती सेवा

शेतमाल बाजारभाव माहिती सेवा म्हणजे निरनिराळ्या बाजार समित्यांतील शेतमालाची आवक व दर शेतकऱ्यांपर्यंत वेळेवर पोहोचविणारी व्यवस्था होय. वृत्तपत्रे, आकाशवाणी, भ्रमणध्वनीवरील लघुसंदेश व संकेतस्थळे ही तिची माध्यमे आहेत. दर आधी कळल्यास माल केव्हा, कोठे व कोणास विकावा याचा निर्णय शेतकरी अधिक चांगला घेऊ शकेल, हे या सेवेमागील गृहीतक आहे. धुळे जिल्ह्यासह महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत या गृहीतकाची प्रयोगाद्वारे तपासणी झाली; केवळ माहितीमुळे भाव वाढतोच असे नाही, असे तीत आढळले.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात शेतमालाची घाऊक विक्री प्रामुख्याने १९६३ च्या कायद्यानुसार चालणाऱ्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांत होते. व्यापाऱ्यास अनेक बाजारांतील दर रोज ठाऊक असतात. शेतकऱ्यास बहुधा जवळच्या बाजाराचाच दर कळतो. अर्थशास्त्रात या स्थितीस माहितीची विषमता म्हणतात. ती कमी करण्यासाठी केंद्र सरकारने २००० साली ‘अ‍ॅगमार्कनेट’ हे जाळे सुरू केले. २००७ मध्ये रॉयटर्सने महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सशुल्क सेवा आणली. तीत वर्गणीदारास बाजारभाव, हवामानाचा अंदाज व पीकसल्ला लघुसंदेशाने मिळत असे. १४ एप्रिल २०१६ रोजी ‘ई-नाम’ या राष्ट्रीय कृषी बाजाराचा प्रारंभ झाला.

महाराष्ट्रातील प्रयोग

मार्सेल फाफशांप व बार्ट मिन्टेन या अर्थशास्त्रज्ञांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), धुळे, नाशिक, पुणे व सातारा या जिल्ह्यांतील १०० गावांत हा प्रयोग केला. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या गावांतील शेतकऱ्यांना ‘मार्केट लाइट’ची एक वर्षाची वर्गणी विनामूल्य देण्यात आली व त्यांची तुलना इतर गावांतील शेतकऱ्यांशी करण्यात आली. टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू व सोयाबीन ही पिके अभ्यासासाठी घेतली होती. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपले काही निर्णय या माहितीच्या आधारे घेतल्याचे शेतकऱ्यांनी सांगितले. बाजाराची निवड व मालाची प्रतवारी यांत थोडा बदलही दिसला. परंतु मिळालेल्या सरासरी भावात संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय वाढ आढळली नाही.

इतर अभ्यासांशी तुलना

केरळमधील मच्छीमारांविषयी रॉबर्ट जेन्सन यांचा २००७ मधील अभ्यास वेगळे चित्र दाखवितो. भ्रमणध्वनी आल्यावर किनाऱ्या-किनाऱ्यांवरील दरांतील तफावत घटली, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि ग्राहकांसाठी मासळी ४ टक्के स्वस्त झाली. मध्य प्रदेशात एका खासगी कंपनीच्या ‘ई-चौपाल’ केंद्रांमुळे सोयाबीनचा दर १ ते ३ टक्के वाढल्याचे अपराजिता गोयल यांनी २०१० मध्ये दाखविले.

या दोन्ही ठिकाणी माहितीच्या जोडीला पर्याय होता. मच्छीमार नाव दुसऱ्या किनाऱ्याला नेऊ शकत होता. सोयाबीन उत्पादकास बाजार समितीखेरीज दुसरा खरेदीदार मिळाला होता. माहितीचे मोल ती वापरण्याच्या सामर्थ्यावर अवलंबून असते, हा या अभ्यासांच्या तुलनेतून निघणारा अर्थ आहे.

खानदेशातील स्थिती

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल व चोपडा तालुक्यांत केळीचे दर रोज चर्चिले जातात. तथापि केळी नाशवंत आहे. घड तयार झाल्यावर कापणी फार काळ लांबविता येत नाही आणि खरेदी बहुधा बागेवरच होते. त्यामुळे जाहीर दर ठाऊक असूनही प्रत्यक्षात त्याहून कमी दर मिळतो, अशी उत्पादकांची जुनी तक्रार आहे. कापूस मात्र घरात साठविता येतो. म्हणून भाववाढीची वाट पाहणे कापूस उत्पादकास शक्य होते. अर्थात कर्जफेड व घरखर्च यांची निकड असलेल्या लहान शेतकऱ्यास तेही नेहमी परवडत नाही.

सामूहिक विक्री

एकट्या शेतकऱ्याची ही मर्यादा दूर करण्याचा एक मार्ग म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनी. कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने तिला मान्यता मिळाली. किमान दहा उत्पादक एकत्र येऊन ती स्थापन करू शकतात. वैयक्तिक सभासदांच्या अशा कंपनीत भाग कितीही असले, तरी प्रत्येकास एकच मत असते. सामान्य भागभांडवली कंपनीहून ती या बाबतीत वेगळी आहे. माल एकत्र करणे, प्रतवारी करणे व दूरच्या बाजारात पाठविणे ही कामे अशी कंपनी करू शकते. गाडीभर माल एकत्र झाला, तरच दूरच्या बाजारातील चढा दर वाहतूक खर्च वजा जाता शेतकऱ्याच्या उपयोगी पडतो.