गिअर बदलताना मोटारीत येणारा ‘खट्’ आवाज : कारणमीमांसा आणि निदान

प्रस्तावना :

दुसऱ्या गिअरमधून तिसरा टाकला, क्लच सोडला आणि आसनाखाली कोठेतरी धातूवर धातू आपटल्यासारखा ‘खट्’ असा आवाज झाला, तर वाहनमालकाच्या मनात पहिली शंका येते ती गिअरबॉक्सविषयी. आवाज गिअर बदलताना झाला, म्हणून दोष गिअरमध्येच असणार, असा हा तर्क असतो. बहुसंख्य वेळा तो चुकीचा ठरतो आणि त्या चुकीची किंमत मोठी असते. गिअरबॉक्स उतरवून उघडण्याचा खर्च होतो. परंतु ज्या क्रॉसमुळे अथवा रबरी फाउंडेशनमुळे आवाज येत होता तो भाग जागच्या जागी राहतो आणि आवाजही कायम राहतो. याउलट, जुन्या गाडीत आवाज यायचाच अशी समजूत करून घेऊन दुर्लक्षिलेला क्रॉस धावत्या गाडीखाली तुटू शकतो. प्रस्तुत लेखात या आवाजामागील यंत्रशास्त्र व दोषाचे स्थान निश्चित करण्याची पद्धती यांचे विवेचन केले आहे. सर्व वाचक विज्ञान शाखेचे नसतील हे ध्यानात घेऊन गणित आवश्यक तेवढेच ठेवले आहे.

आवाजाचे मूळ :

इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत एका साखळीतून जाते. मागील चाकांना गती देणाऱ्या वाहनात क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, शाफ्टच्या टोकांचे क्रॉस, मागच्या हाउसिंगमधील क्राउन-पिनियन, डिफरन्शियल आणि एक्सल असे तिचे दुवे होत. यांतील प्रत्येक सांध्यात थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. तेलाचा थर बसण्यासाठी आणि उष्णतेने होणाऱ्या प्रसरणासाठी ती लागते. गॅरेजमध्ये या मोकळिकीला ‘प्ले’ म्हणतात.

अॅक्सिलरेटर दाबलेला असताना इंजिन चाकांना ढकलते, तेव्हा दात एका बाजूने टेकलेले असतात. पाय उचलला की चाकेच इंजिनाला फिरवू लागतात आणि तेच दात दुसऱ्या बाजूने टेकतात. या दोन बाजूंमधील अंतर ओलांडताना सुटे भाग क्षणभर मोकळे धावतात आणि समोरच्या भागावर आदळतात. हाच तो आवाज. गिअर बदलणे म्हणजे फिरविणारे बल, अर्थात परिबल, एकदा काढून घेऊन पुन्हा लावणे. म्हणून गिअर बदलणे हे आवाजाचे निमित्त असते. कारण दुसरीकडेच असते.

नव्या वाहनातही ही मोकळीक शून्य नसते. क्राउन-पिनियनच्या दातांमध्ये ती साधारणतः ०.१० ते ०.२५ मिलिमीटर ठेवतात. क्राउनची त्रिज्या १०० मिमी व मोकळीक ०.२ मिमी धरली, तर क्राउनवर ती सुमारे ०.११ अंश होते. पण हाउसिंगचे गुणोत्तर ४ असेल तर प्रोपेलर शाफ्टवर तीच जवळजवळ ०.४६ अंश दिसते. चाकाकडील बारीकशी झीज शाफ्टवर चौपट होऊन दिसते, ती अशी. त्यात डिफरन्शियलच्या दात्यांची व एक्सलच्या खाचांची मोकळीक मिळविली, तर शाफ्ट हाताने हलविल्यावर थोडासा फिरणारच. तेवढ्यावरून हाउसिंग उघडण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो स्वीकारण्याची घाई करू नये.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. मुरलेला चालक इंजिनाचा वेग सांभाळून क्लच इतक्या हळुवार सोडतो की झिजलेल्या गाडीचाही आवाज ऐकू येत नाही. वापरलेले वाहन विकत घेताना चाचणीच्या वेळी स्वतः चालवावे, विक्रेत्याच्या चालकाला चालवू देऊ नये, याचे हे एक कारण होय.

प्रतिक्रिया कोठे जाते? :

निदानातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित मुद्दा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाशी निगडित आहे. चाक ज्या परिबलाने फिरविले जाते, तेवढीच उलट प्रतिक्रिया वाहनाच्या कोणत्या तरी स्थिर भागाला सहन करावी लागते. तो भाग कोणता, यावर पहिला संशय कोणावर घ्यायचा हे ठरते.

ॲम्बॅसेडर, ओम्नी, बोलेरो ही मागील चाकांना गती देणारी आणि मागे कमानपाटे असलेली वाहने. इंजिनाचे परिबल २०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ व हाउसिंगचे ४ मानले, तर घर्षण वगळता गिअरबॉक्समधून ८०० आणि चाकांवर एकूण ३२०० न्यूटन-मीटर मिळतात. इंजिन व गिअरबॉक्सच्या फाउंडेशनवर यांपैकी फक्त ८०० ची प्रतिक्रिया येते. ३२०० ची प्रतिक्रिया मागचे हाउसिंग झेलते आणि पाट्यांमार्फत चेसिसला देते. त्यामुळे पाटे क्षणभर पिळले जाऊन हाउसिंगचे नाक वर उचलले जाते. म्हणून अशा वाहनात पाट्यांचे बुश, यू-बोल्ट आणि क्रॉस आधी तपासावेत.

मारुती ८०० भारतीय रस्त्यांवर आली ती १९८३ मध्ये, आणि तिच्यापासून पुढील चाकांना गती देणाऱ्या लहान मोटारींचा येथे प्रसार झाला. या मोटारींत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच गठ्ठ्यात असतात. परिणामी चाकांवरील संपूर्ण परिबलाची प्रतिक्रिया इंजिनाच्या फाउंडेशनवरच येते. त्यातील रबर फाटले की क्लच सोडताच इंजिन पुढे-मागे झुलते आणि धातूचा कंस कंसावर आपटतो. बॉनेट उघडून सहकाऱ्याला हँडब्रेक व ब्रेक पक्का धरून क्लच किंचित सोडण्यास सांगावे. मात्र गाडीच्या पुढे उभे न राहता बाजूने पाहावे. इंजिन बरेचसे उसळताना दिसले, तर पुढचा शोध बहुधा थांबतो.

रस्त्यावरील परीक्षा :

आवाज जेथे ऐकू येतो तेथेच तो निर्माण होतो असे नाही. प्रोपेलर शाफ्ट पोकळ नळी असल्याने तो आवाज वाहून नेतो व मोठाही करतो. म्हणून कानापेक्षा परिस्थितीतील बदलावर भर द्यावा. (तत्पूर्वी चाकांचे नट आवळलेले आहेत का आणि मागचा जॅक व स्टेपनी घट्ट आहेत का, हे पाहून घ्यावे. हास्यास्पद वाटले तरी दोन मिनिटांचे काम आहे.)

मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २०-२५ किलोमीटर वेगाने जाताना, गिअर व क्लचला स्पर्श न करता अॅक्सिलरेटर दाबावा आणि सोडावा. तोच आवाज आला तर गिअर बदलण्याची क्रिया निर्दोष ठरते. दोष मोकळिकीत किंवा फाउंडेशनमध्ये आहे. हाच प्रयोग इतर गिअरमध्ये करावा. वरच्या गिअरमध्ये परिबल कमी असल्याने आवाज मंद होणे स्वाभाविक आहे. परंतु तो एकाच गिअरमध्ये येत असेल आणि शेजारच्या दोन्ही गिअरमध्ये पूर्ण नाहीसा होत असेल, तर मात्र गिअरबॉक्सवर संशय घेणे रास्त आहे. पाय दाबून-सोडून काहीच होत नाही व केवळ क्लच सोडतानाच आवाज येतो, तेव्हा क्लच प्लेटमधील स्प्रिंगा पाहाव्यात.

गाडी थांबताना किंवा थांबून निघताना एकदाच ‘धप्प’ असा आवाज येतो, तो प्रकार वेगळा. हाउसिंग वर-खाली होते तसे शाफ्टला लांबीत सरकावे लागते. त्यासाठी खाचांचा स्लिप जॉइंट असतो. तो कोरडा पडला की अडकतो आणि मग झटक्यात सुटतो. येथे ग्रीस भरणे एवढाच उपाय अनेकदा पुरतो. रिव्हर्समधून पुढे निघाल्यावर पहिल्या ब्रेकला येणारा ‘टक्’ हा ब्रेक पॅड जागेवर सरकल्याचा असतो, त्याचा या साखळीशी संबंध नाही.

वाहनाखालील तपासणी :

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. न्यूट्रलमध्ये क्रॉसच्या एका बाजूचा शाफ्ट एका हाताने घट्ट धरून दुसरी बाजू उलटसुलट फिरवावी. दोन्ही बाजू एकत्रच हलल्या पाहिजेत. एक हलली आणि दुसरी मागाहून हलली, तर क्रॉस गेला. टोप्यांभोवती तांबूस गंजाची भुकटी दिसणे आणि हळू वेगात ‘चीं-चीं’ असा तालबद्ध आवाज येणे, ही ग्रीस संपल्याची खूण. काढलेल्या क्रॉसच्या दांड्यांवर सुयांसारख्या बेअरिंगच्या रेघा उमटलेल्या असतील, तर तो पुन्हा बसवू नये. पुढचा क्रॉस तुटल्यास शाफ्टचे टोक रस्त्यावर पडून रुतू शकते आणि गाडी उलटण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

क्रॉस बदलताना शाफ्ट उतरवण्यापूर्वी त्याच्या जोडांवर खुणा कराव्यात. कार्डानो आणि हुक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सांध्याचा एक स्वभाव आहे. तो १० अंशांच्या कोनात असताना एका बाजूची गती स्थिर असली, तरी दुसऱ्या बाजूची गती दर फेऱ्यात दोनदा सुमारे दीड टक्का कमी-जास्त होते. दोन्ही टोकांचे क्रॉस एकाच रेषेत असतील आणि त्यांचे कोनही सारखे असतील, तर एकाचा चढउतार दुसरा नाहीसा करतो. स्लिप जॉइंट एक-दोन खाचा चुकवून बसविला, तर ‘खट्’ आवाज जातो आणि वेगात गाडी थरथरू लागते.