दोन मिनिटांचा नाच आणि आपलं मत

टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धा आपण सगळ्याच बघतो. त्यात मधूनच एखादी मुलगी बेली डान्स करायला येते. चमचमता पोशाख, कमरेला झुलणाऱ्या मण्यांच्या लडी आणि त्या लडी थरथरवणारी कंबर. घरात लगेच दोन मतं पडतात. कुणी म्हणतं, "काय कला आहे पोरीच्या अंगात!" कुणी म्हणतं, "चॅनल बदला, पोरं बसलीत." आज या दोन्ही मतांबद्दल बोलू या. कारण ही मतं जितकी नाचावरून होतात, तितकीच टीव्ही तो नाच कसा दाखवतो त्यावरूनही होतात.

आधी हा नाच कुठला, ते पाहू. हा मुख्यतः इजिप्त आणि आसपासच्या देशांतला नाच. अरबी भाषेत त्याला 'रक्स शर्की' म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. त्याचंच साधं, घरगुती रूप म्हणजे 'रक्स बलदी'. बलदी म्हणजे आपल्या मातीतला. लग्नकार्यात बायका-मुली जमल्या की घरच्याच कपड्यांत नाचतात. आई-मावशीचं बघत बघत मुली शिकतात. आपल्याकडे मंगळागौरीचे खेळ जसे शिकले जातात, तसंच.

'बेली डान्स', म्हणजे पोटाचा नाच, हे नाव मात्र बाहेरच्यांनी दिलेलं. आधी फ्रेंच लोक तसं म्हणू लागले. मग १८९३ साली अमेरिकेत शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे कैरो शहरातल्या रस्त्याचा देखावा उभारला होता आणि त्यात हा नाच दाखवत. लोकांनी नावं ठेवली आणि गर्दीही केली. तेव्हापासून हे नाव जगभर पसरलं. पुढे १९२६ साली बदिया मसाब्नी या बाईंनी कैरोत स्वतःचं करमणूकगृह काढलं. तिथून सामिया गमाल, तहिया करिओका अशा नर्तकी पुढे आल्या आणि अरबी सिनेमाच्या मोठ्या तारका झाल्या. आज आपण बघतो तो चमकदार दोन भागांचा पोशाख रुळला तो याच रंगमंचाच्या आणि सिनेमाच्या काळात.

आपल्याकडे या नाचाची ओळख झाली ती हिंदी सिनेमातून. १९७५च्या 'शोले'त डाकूंसमोर हेलन नाचते, ते आठवा. अशा चित्रांमुळे असा नाच म्हणजे खलनायकाच्या अड्ड्यावरचा नाच, अशी आपली समजूत झाली.

टीव्हीच्या स्पर्धांनी ही समजूत थोडी बदलली, हे मान्य करायला हवं. तिथे नाचणारी मुलगी आपलं नाव-गाव सांगते, किती वर्षं सराव केला ते सांगते. आई-वडील समोर बसलेले असतात. परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. बघणाऱ्याला कळतं, की यामागे मेहनत आहे. खांदे स्थिर ठेवून फक्त कंबर हलवायची, हे एका दिवसात जमत नाही. आपणही या टाळ्यांतला आपला वाटा द्यायला हवा.

पण टीव्हीचं एक गणित असतं. स्पर्धकाला मिळतात दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात डोळे दिपले पाहिजेत. मग जे जलद, जे धाडसी, जे चमकतं, तेवढंच निवडलं जातं. खऱ्या रक्स शर्कीत एक संथ भाग असतो. एकच वाद्य सावकाश वाजतं आणि नर्तकी त्या सुरांवर आयत्या वेळी सुचेल तशी नाचते. तो भाग दोन मिनिटांत बसत नाही, म्हणून गळतो. उरतो तो ढोलाचा ठेका आणि कंबर. त्यात कॅमेरा कुठे रोखायचा, परीक्षकाचा चकित चेहरा कधी दाखवायचा, हे ठरवणारी माणसं वेगळीच असतात. नाचणारीच्या हातात ते नसतं.

एक उदाहरण सांगते. डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचं झाड तोलून नाचणारी बाई तुम्ही बघितली असेल. टीव्हीवर ती कसरत वाटते आणि "पडलं तर?" म्हणून आपण श्वास रोखतो. इजिप्तमध्ये या नाचाला 'शमादान' म्हणतात. लग्नाच्या वरातीत नर्तकी डोक्यावर दिवे घेऊन नवरानवरीच्या पुढे चालते. म्हणजे मुळात तो मंगलकार्यातला नाच. टीव्हीवर मेणबत्त्या राहिल्या, लग्न गळून गेलं.

खुद्द इजिप्तमध्येही हा प्रश्न सुटलेला नाही. २०१४ साली तिथल्या एका वाहिनीने 'अल-राकिसा', म्हणजे 'नर्तकी', नावाची बेली डान्सची स्पर्धाच सुरू केली. दीना ही प्रसिद्ध नर्तकी परीक्षक होती. पहिला भाग दाखवल्याबरोबर गदारोळ उठला, धार्मिक संस्थेनेही आक्षेप घेतला आणि वाहिनीने प्रक्षेपण थांबवलं. ज्या देशात लग्नात हाच नाच आनंदाने बघतात, तिथेच पडद्यावर तो नकोसा झाला. नाच सगळ्यांना हवा, पण नाचणारीला मान द्यायची वेळ आली की मागेपुढे बघायचं, ही रीत आपल्यालाही नवी नाही.

आपल्या लावणीचंच बघा ना. टीव्हीवर लावणीच्याही स्पर्धा झाल्या आणि त्यातून चांगल्या मुली पुढे आल्या. पण बैठकीची लावणी, जिथे बाई बसल्या जागी नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी गाण्याचा अर्थ उलगडते, ती तिथे कितीशी दिसते? आज शहरातल्या पोरासोरांना लावणी म्हणजे फक्त ठसका वाटतो, याचं एक कारण हे आहे.

लहान मुलांची गोष्ट मात्र वेगळी. मोठ्यांनी सिनेमात केलेले हावभाव चिमुरड्यांकडून करून घेतले जातात, हे पाहून जून २०१९मध्ये केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचना दिली, की मुलांच्या वयाला न शोभणारे नाच दाखवू नका. गॅदरिंगचं गाणं निवडताना आपणही हे लक्षात ठेवू या.

मग आपण काय करायचं? टीव्ही बंद करायला मी सांगत नाही. बघताना मनाशी तीन प्रश्न विचारा. हा नाच मुळात कुठे आणि कोणासाठी नाचतात? मला दिसतंय ते नर्तकीने दाखवलं, की कॅमेऱ्याने? आणि मी नाचाबद्दल बोलतेय, की त्या बाईच्या चारित्र्याबद्दल?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारण टीव्हीवरच्या मुलीला आपण घरात बसून जे बोलतो, ते आपली लेक ऐकत असते. उद्या तिला नाच शिकावासा वाटला, तर ती ते आपल्याला सांगेल की मनातच ठेवेल, हे आपल्या आजच्या बोलण्यावर ठरतं. नाच आवडला नाही तर खुशाल सांगा, "मला नाही आवडला." पण नाचणारीला नाव ठेवू नका.

पुढच्या गटाच्या बैठकीत हिशेब झाला की यावर जरूर बोला. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार!