नळी फुटली, की फोडली?

मराठीत क्रियापदांच्या काही जोड्या आहेत: फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे. ‘परीक्षानळी फुटली’ या वाक्यात करणारा लागतच नाही. नळी जणू आपणहून फुटली. ‘त्याने परीक्षानळी फोडली’ म्हणताच सगळा वर्ग एका मुलाकडे पाहू लागतो. घटना मात्र एकच. (‘सांडणे’ हे क्रियापद दोन्ही कामे करते, हे मुलांना चांगले ठाऊक असते!)

या फरकाने ऐकणाऱ्याचा निवाडा बदलतो का? केटलिन फॉसी व लेरा बोरोडिट्स्की यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना उपाहारगृहातील एका लहानशा आगीचा वृत्तांत वाचायला दिला. काहींच्या मजकुरात ‘तिने कापड पेटवले’ अशी वाक्यरचना होती, काहींच्या मजकुरात ‘कापड पेटले’ अशी. पहिल्या गटाने त्या बाईला अधिक दोषी ठरवले आणि तिच्याकडून भरपाईही अधिक मागितली. प्रयोग इंग्रजीत झाला; मराठीत तो वर्गात सहज करून पाहता येईल.

शाळेत प्रश्न एका नळीचा असतो. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात, जिथे वाहनांचे सुटे भाग बनतात, तिथे तो बोटांचा होतो. पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसमध्ये ‘बोट गेले’ म्हटले, की कोणीच जबाबदार नाही. ‘त्याने हात घातला’ म्हटले, की सगळा दोष कामगाराचा. दोन्ही वाक्यांनी चौकशी तिथेच संपते. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस चालू नये, हात आत असेल तर प्रकाशकिरण अडून ती थांबावी, अशा सोयी करता येतात. त्या होत्या का? बंद होत्या, तर कोणाच्या सांगण्यावरून? टोयोटा कारखान्यात रुजलेली ‘का?’ असे पाच वेळा विचारण्याची पद्धत इथे उपयोगी पडते. मात्र ‘कामगार निष्काळजी होता’ या उत्तराशी थांबायचे नाही.

मराठीत आणखी एक रचना आहे: ‘माझ्याकडून नळी फुटली.’ क्रियापद अकर्मकच, पण बोलणारा स्वतःहून पुढे येतो. तो हेतू नाकारतो, जबाबदारी नाकारत नाही. अर्थात, कबुलीनंतर छडी किंवा दंड ठरलेला असेल तर हे वाक्य कोणी उच्चारणार नाही, आणि पुढच्या वेळी ते मूल नळीला हातही लावणार नाही. त्याऐवजी ‘कशी फुटली?’ असे विचारले, तर कळते की नळी बाहेरून ओली होती आणि ज्योत एकाच जागी धरली होती. मग दुसरी नळी त्याच मुलाच्या हाती द्यावी, पुसायच्या फडक्यासह.