ओळी शंभराच्या आत, मेहनत मात्र उमेदवारीची

संगणकाला 'शिकवता' येते हे ऐकून आपले काही व्यापारी-कारागीर बांधव बिचकतात, तर काही जण जाहिरात पाहून मुलासाठी एखाद्या क्लासची भरमसाट फी भरून मोकळे होतात. म्हणून साधे न्यूरल नेटवर्क तयार करणे खरोखर किती अवघड आहे, ते आम्ही येथे सांगत आहोत.

हाताने लिहिलेले आकडे ओळखणारे जाळे हे यातील नेहमीचे उदाहरण. २८ बाय २८ ठिपक्यांचे चित्र, म्हणजे ७८४ आकडे आत जातात. मधल्या थरात ३० पेशी व शेवटी शून्य ते नऊसाठी १० पेशी ठेवल्या, तर २३,८२० जोडण्या होतात. प्रत्येक जोडणीला एक 'वजन' असते. सुरुवातीची वजने अंदाजपंचे असल्याने उत्तरे चुकतात. मग चूक मोजून, शेवटाकडून मागे येत प्रत्येक वजन थोडे कमी-जास्त करायचे. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखामुळे ही पद्धत सर्वदूर पोहोचली.

पायथन भाषेत हे काम शंभराहून कमी ओळींत होते. भाषा मोफत, सरावाची ६०,००० चित्रे मोफत, संगणकही साधा चालतो. गणित बारावीपर्यंतचे पुरते.

मग अडते कोठे? हिशेबाची बेरीज चुकली की ताळा जमत नाही, चूक लगेच दिसते. येथे एक चिन्ह उलटे पडले तरी प्रोग्राम चालूच राहतो, फक्त शिकत नाही. वजने बदलण्याचे पाऊल मोठे झाले तर उत्तरे हेलकावे खातात, फार लहान झाले तर शिकणे संपतच नाही. शिवाय एकाच गिऱ्हाइकाचे माप पाठ केलेला शिलाईचा उमेदवार दुसऱ्याचा कपडा बिघडवतो, तसे जाळेही सरावाची चित्रे नुसती पाठ करू शकते. म्हणून परीक्षेसाठी १०,००० चित्रे वेगळी ठेवलेली असतात.

तेव्हा फी भरण्यापूर्वी विचारा: मुलगा हे जाळे स्वतः लिहिणार की तयार प्रोग्रामचे बटण दाबणार? आणि कोणी दुकानासाठी 'शिकणारे' सॉफ्टवेअर विकायला आला, तर त्याने आणलेला नमुना बाजूला ठेवून आपल्याच दुकानातील, त्याने कधी न पाहिलेली बिले त्याच्यापुढे टाका. मालाची पारख आपण अशीच करतो.