पूर्वजांचा शोध आणि कोतवालाची नोंद

नागपूर हे बाहेरून येऊन वसलेल्यांचे नगर आहे. गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी त्याचा पाया घातला. पुढे साताऱ्याकडील देऊरच्या भोसल्यांपैकी रघूजीने येथे गादी स्थापिली आणि तिच्या आश्रयाने शिलेदार, कारकून, भिक्षुक, विणकर अशी नाना कुटुंबे आली. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर गिरणी कामगारांची भर पडली. अशा नगरात आपले मूळ गाव कोणते, हा प्रश्न घरोघरी निघावा, हे स्वाभाविकच होय.

वसाहतींतून घडलेल्या अमेरिकेतही हेच औत्सुक्य दिसते. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ उतारू तेथे गेले. त्यांच्या वंशजांची १८९७ मध्ये स्थापन झालेली संस्था सभासदत्वासाठी पिढीगणिक जन्म, विवाह व मृत्यूचा पुरावा मागते. हा काटेकोरपणा अनाठायी नाही. गुस्ताव्ह अँजू नामक इसमाने धनिक अमेरिकनांना बनावट वंशावळी विकल्याचे प्रकरण प्रसिद्धच आहे. मात्र तेथे पुरावा न मिळाल्यास सभासदत्व हुकते, उपजीविका हुकत नाही.

आपल्याकडे ज्या घराण्यांत सनदा व कागदपत्रे होती, त्यांचे कुलवृत्तांत छापले गेले. काशी, गया, त्र्यंबकेश्वर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे पिढ्यान्‌पिढ्या उतरली. म्हणजे नाव मागे राहण्यासाठी वतन तरी हवे, अथवा यात्रेपुरता पैसा तरी हवा. ज्यांच्याजवळ दोन्ही नव्हते, त्यांनी पूर्वज कोठे शोधावा?

त्यांचा आधार म्हणजे खेड्यातील कोतवालाने दिलेली जन्ममृत्यूची वर्दी. विदर्भात ती नोंदवही ‘कोतवाल बुक’ म्हणून परिचित आहे. पुष्कळदा तीत बालकाचे नावही नसते; अमक्यास मुलगा झाला, एवढेच, आणि पुढे जात. परंतु त्याच ओळीवर आज एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश अथवा कारकुनाची नोकरी अवलंबून असते. जात पडताळणी समितीपुढे शपथेवर वंशावळ द्यावी लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० हे दिनांक प्रमाण धरले जातात, व त्यांपूर्वीच्या नोंदीस विशेष वजन असते.

पडताळणी नको, असे कोणीही म्हणणार नाही. खोट्या दाखल्याने हिरावली जाणारी जागा खऱ्या हक्कदाराचीच असते. प्रश्न आहे तो पुराव्याचा भार कोणावर, हा. नोंद शासनाने केली, वही शासनाच्या दप्तरात राहिली, आणि ती जीर्ण झाली अथवा गहाळ झाली, तर भुर्दंड मात्र पडतो तो तालुक्याला खेटे घालणाऱ्या, रोजी बुडवणाऱ्या बापावर!

२०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली. मनात आणले तर यंत्रणा हे काम करू शकते, याचा तो दाखलाच होय. आता कोतवालाच्या सर्व वह्यांच्या प्रतिमा काढून, गाववार सूची करून, त्या विनामूल्य पाहावयास मिळाल्या पाहिजेत. वही शासनाच्या ताब्यात असताना नष्ट झाली असेल, तर तिचा अभाव अर्जदाराविरुद्ध धरला जाऊ नये. ज्यांच्या पूर्वजांची एकच ओळ लिहिली गेली, त्यांची ती ओळ जपणे, एवढे तरी शासनाने करावे.