दूध संकलन केंद्रावरील वजनकाटा व संगणक यांची जोडणी

गावोगावच्या दूध संकलन केंद्रांत इलेक्ट्रॉनिक वजनकाटा व संगणक शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. उत्पादकाने आणलेले दूध काट्यावरील भांड्यात ओतले की वजनाचा आकडा केबलमधून संगणकात जातो व त्यावरून पावती निघते. हा आकडा वाटेत बिघडला, अथवा जोडणी बंद पडल्यामुळे तो हाताने भरावा लागला, तर चूक होण्यास वाव मिळतो. आणि चूक होते ती उत्पादकाच्या पैशांत. यास्तव ही जोडणी कशी तपासावी, हे केंद्रचालकाबरोबरच ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही जाणून घेणे इष्ट आहे.

या जोडणीस सीरियल जोडणी म्हणतात. बैलगाड्या अरुंद वाटेने एकामागून एक जाव्यात, त्याप्रमाणे आकड्यांचे संकेत एकाच तारेवरून ओळीने जातात. यासाठी वापरली जाणारी आरएस-२३२ ही पद्धती अमेरिकेत १९६० साली ठरविण्यात आली. संगणकाकडील नऊ पिनांच्या जोडात क्रमांक २ची पिन संकेत घेते, क्रमांक ३ची पाठविते आणि क्रमांक ५ची पिन दोन्ही यंत्रांस सामाईक असते.

आकडा आला नाही की बहुधा काट्यासच दोष दिला जातो. वस्तुतः तपासणीचा आरंभ संगणकापासून करावा. काट्याची केबल काढून क्रमांक २ व ३ या पिना बारीक तारेने एकमेकींस जोडाव्यात. नंतर टर्मिनलचा प्रोग्राम उघडून योग्य कॉम पोर्ट निवडावे व काही अक्षरे टंकावीत. तीच अक्षरे पडद्यावर उमटली तर संगणकाची बाजू ठीक आहे. मात्र प्रोग्राममधील ‘लोकल एको’ व ‘फ्लो कंट्रोल’ हे दोन्ही आधी बंद असले पाहिजेत. तार काढताच अक्षरे उमटणे थांबले, तरच ही परीक्षा खरी समजावी. पुढे केबल जोडून तिच्या दूरच्या टोकाशी हीच परीक्षा घेतली म्हणजे तुटलेली तार आपोआप उघडकीस येते. केबल धड असूनही आकडा येत नसेल, तर काट्याची पाठविणारी तार संगणकाच्या क्रमांक २वर पोहोचते की नाही, हे पाहावे. काही केबली सरळ असतात, तर काहींत २ व ३ यांची अदलाबदल केलेली असते. बाजारातून आणलेली केबल नेमकी उलट जातीची निघणे, हा अनुभव विरळा नाही.

आकड्यांऐवजी चित्रविचित्र चिन्हे दिसू लागली, तर तारा शाबूत असून दोन्ही यंत्रांचा मेळ बसलेला नाही, असे समजावे. वेग, डेटा बिट, पॅरिटी व स्टॉप बिट ही चारही मापे दोन्हीकडे सारखी हवीत. पुष्कळ काट्यांत ९६००, ८, पॅरिटी नाही व १ अशी मापे आढळतात. तथापि काट्याच्या पुस्तिकेत दिलेली मापेच प्रमाण मानावीत. एक खूण विशेष उपयोगी आहे. ०, ३, ५, ६, ९ हे अंक नीट येतात आणि १, २, ४, ७, ८ मात्र बिघडतात, असे दिसल्यास काटा ७ बिट व सम पॅरिटीने पाठवीत असून संगणक ८ बिट व विनापॅरिटी वाचीत आहे, हे जवळजवळ निश्चित होय.

आकडे नीट येऊ लागले तरी काम पुरे झाले असे मानू नये. काट्यावर प्रमाणित वजने, प्रथम ५ किलो, नंतर १० व २० किलो, ठेवून काट्यावरील व पडद्यावरील आकडा दशांश चिन्हासह पडताळावा. ही पडताळणी चार उत्पादकांच्या समक्ष व्हावी. अनेक काटे दूध ओतले जात असतानाही आकडे सतत पाठवीत राहतात. संगणकाने त्यांतील स्थिर झालेलाच आकडा घेतला पाहिजे. भांडे हलत असताना पावती निघत असेल, तर प्रोग्राम बसविणाऱ्याकडून ही उणीव दूर करून घ्यावी.

यूएसबी अडॅप्टर दुसऱ्या खाचेत लावल्यास कॉम पोर्टचा क्रमांक पुष्कळदा बदलतो. म्हणून त्याची खाच ठरवून ठेवावी आणि पोर्टचा क्रमांक व वरील चार मापे कागदावर लिहून तो कागद काट्याशेजारी भिंतीस चिकटवावा.