अक्षरी रक्कम आणि संयोगचिन्ह

पावती, धनादेश, ठराव व करारनामा यांत रक्कम आकड्यांत लिहून पुन्हा अक्षरांत लिहिण्याची पद्धत रूढ आहे. आकड्यापुढे एक शून्य वाढविणे सोपे असते. शब्दात फेरफार करणे कठीण. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या कलम १८ नुसार धनादेशावरील आकडी व अक्षरी रकमेत तफावत असल्यास अक्षरी रक्कमच ग्राह्य धरली जाते. म्हणून अक्षरी लेखनातील एखादी लहान रेघही दुर्लक्षून चालत नाही.

इंग्रजीत एकवीस, पस्तीस यांसारख्या संख्या दोन शब्द जोडून होतात व त्यांच्यामध्ये संयोगचिन्ह देतात. मराठीत त्याची गरज नाही. एक ते शंभर या प्रत्येक संख्येसाठी आपल्याकडे एकसंध शब्द आहे. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणित पुस्तकातील ‘वीस एक’ या धर्तीच्या वाचनावर बरीच चर्चा झाली. दशक-एकक समजण्यासाठी असे वाचन उपयोगी पडत असले, तरी दस्तऐवजात ‘एकवीस’ असेच लिहावे.

‘शे’ हा मागील शब्दाला जोडावा : दोनशे, दीडशे, साडेतीनशे. हजार, लाख, कोटी हे शब्द सुटे लिहावेत. उदाहरणार्थ, रु. १,२५,३४७ ही रक्कम ‘रुपये एक लाख पंचवीस हजार तीनशे सत्तेचाळीस फक्त’ अशी लिहावी. यात संयोगचिन्ह कोठेही येत नाही.

मराठीत दोन संख्यांमधील संयोगचिन्हाचा अर्थ ‘किंवा’ अथवा ‘सुमारे’ असा होतो. ‘पाच-सहा हजार’ म्हणजे पाच किंवा सहा हजार. ‘दोन-अडीचशे’ म्हणजे दोनशे ते अडीचशे. बोलण्यात व वर्णनात हे योग्यच आहे. मात्र ग्रामपंचायतीच्या ठरावात ‘वीस-पंचवीस खुर्च्या खरेदी कराव्यात’ असे लिहिले, तर मंजुरी किती खुर्च्यांना होती, हा प्रश्न लेखापरीक्षणाच्या वेळी उभा राहतो. तेथे ‘पंचवीस खुर्च्या’ किंवा ‘जास्तीत जास्त पंचवीस खुर्च्या’ अशी निश्चित शब्दरचना हवी.

ओळ संपताना संख्यावाचक शब्द तोडू नये. तो पूर्ण पुढील ओळीवर घ्यावा. अंदाज सांगताना संयोगचिन्ह वापरावे, हिशेब लिहिताना टाळावे. एवढे पथ्य पाळले, तरी पुढचे बरेच वाद टळतील.